एक दात मागे

भोंगा वाजून जायचा, गेट लागायचं, वॉचमन बिडी पेटवून स्टुलावर टेकायचा, आणि मग कुठे त्र्यंबक रोडच्या बाजूने आमच्या मेंटेनन्सच्या साहेबांची मोटारसायकल यायची. दिसायच्या आधी ऐकू यायची. आवाज आला की मी त्यांचं पंचिंग कार्ड काढून हातात धरायची. नाशिकला सातपूरच्या त्या पंपांच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसला होते. कोण कधी आलं, कोण लवकर सटकलं, कोण कुणाचं कार्ड पंच करतंय, यावर डोळा ठेवायचा, एवढंच माझं काम. मला सगळे वचकून असत. साहेब सोडून.

"साहेब, आजपण लेट."

"लेट नाही हो बाई, एक दात मागे आहे. इंजिन चालतंय ना? मग झालं तर!"

आणि हसत हसत आत. मी लाल शाईने खूण करायची, ते दुसऱ्या दिवशी त्या खुणेचं अक्षर छान आहे म्हणून माझं कौतुक करायचे. अशा माणसावर रागवायचं तरी कसं!

हा 'दात' म्हणजे काय, ते मला त्यांनी इतक्या वेळा समजावलं होतं की मी आजही झोपेत सांगेन. डिझेल इंजिनात खाली एक दांडा फिरतो, वर झडपा उघडझाप करतात, आणि बाजूचा पंप नेमक्या क्षणी डिझेलची चिळकांडी मारतो. या तिघांनी एकमेकांची पावलं सांभाळून फिरायचं. त्यासाठी त्यांच्यामध्ये दातेरी चाकं असतात, चाकांवर खुणा असतात, खुणा जुळवून चाकं बसवायची. एक दात जरी इकडेतिकडे झाला तरी इंजिन कुरकुरतं, धूर ओकतं, चढावर धापा टाकतं. याला म्हणायचं टायमिंग. साहेबांचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर बेतलेलं होतं. माणसं, लग्नं, भाषणं, भाज्या, सगळ्यांचं निदान ते टायमिंगवरून करत. आणि हा गृहस्थ स्वतः एका कार्यक्रमाला वेळेवर पोचला असेल तर शपथ.

युनियनच्या पुढाऱ्याने जेवणाच्या सुट्टीआधी भाषण लांबवलं की हे मागून मोठ्याने म्हणायचे, "मुद्दा चांगला आहे, टायमिंग गेलंय." कॅंटीनमध्ये नवा आचारी आला, त्याने मिसळीवर आधीच लिंबू पिळून दिलं. साहेबांनी ती बशी उचलली, स्वयंपाकघरात गेले, आणि त्या बिचाऱ्याला आधी मटकी, मग फरसाण, मग रस्सा, मग कांदा आणि लिंबू अगदी शेवटी, असा क्रम भिंतीवर खडूने काढून दाखवला. वर बाण काढले. आचारी म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईकाला घाई असते." साहेब म्हणाले, "घाई इंजिनालापण असते." तो खडूचा नकाशा भिंत रंगवेपर्यंत तिथे होता.

त्यांच्या खिशात कायम एक लांबलचक स्क्रू ड्रायव्हर. शर्ट पांढराशुभ्र, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, रोज निळीत बुडवून द्यायच्या, आणि खिशापाशी रोज तेलाचा ताजा डाग. त्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. "तिसरं बेअरिंग," म्हणायचे. उघडून बघावं तर तिसरंच. यात अतिशयोक्ती नाही, डिप्लोमा झालेला शिकलेला माणूस होता आणि ते त्यांनी कुणाला कधी विसरू दिलं नाही. फक्त कुठे थांबायचं ते कळायचं नाही. माझ्या ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळाला मूठ लावून म्हणाले, "बाई, हे आजारी आहे, याच्या भरवशावर मला लेट ठरवता?" आणि आमचे स्टोअरकीपर खोकत होते, तर त्यांच्या पाठीला स्क्रू ड्रायव्हर लावला! "हवा घेतंय कुठूनतरी." स्टोअरकीपर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

आता त्यांची खरी खोड सांगते. हा माणूस चुकला असं कधी व्हायचंच नाही. म्हणजे चुकायचे सगळ्यांसारखेच, पण चूक उघडी पडली की एकच शब्द यायचा. मुद्दाम.

एकदा टेस्टिंगला पंप लावला आणि मोटर उलटी फिरली. पाणी धड चढेना, सगळे हसायला लागले. साहेब शांतपणे म्हणाले, "मुद्दाम जोडली. उलटी फिरल्यावर काय होतं ते तुम्हाला कळायला नको?" आमच्या अकाउंटंटच्या लग्नाला पंचवटीत गेले, तिथे शेजारी शेजारी दोन कार्यालयं. अर्थातच उशीर झालेला. घाईघाईत भलत्याच कार्यालयात शिरले, अक्षता संपल्या होत्या, पंगतीला बसले, जिलब्यांवर हात मारला, अनोळखी नवरानवरीच्या हातात स्टीलचा डबा ठेवला, आशीर्वाद दिला आणि बाहेर पडताना आम्ही समोरच्या दारात दिसलो. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मुद्दाम गेलो. म्हटलं, यांची व्यवस्था बघावी." अकाउंटंटला डबा मिळाला नाही तो नाहीच. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या पोहे परतत होत्या. म्हणाल्या, "मला मागणी घातली तीसुद्धा मुद्दाम घातली म्हणतात हो. म्हणजे नक्की चुकूनच असणार!"

अशा माणसाच्या आयुष्यात ती जपानी व्हॅन आली.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या शेठनी एका जपानी कंपनीशी करार केला होता. त्यांचे इंजिनीअर येऊन राहिले, नमस्कार शिकून गेले, आणि जाताना स्वतःची डिझेल व्हॅन आम्हाला देऊन गेले. पांढरी, गुळगुळीत, आवाज असा मऊ की शेजारी उभी असली तरी कळू नये. साहेबांनी पहिल्याच दिवशी पुढची जाळी काढली, आतलं झाकण उघडलं, आणि भूत दिसावं तसे मागे सरकले.

"रबर!" ते ओरडले. "अहो बाई, इकडे या, इंजिनाच्या पोटात रबर घातलंय!"

खरंच, त्या इंजिनात दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली नव्हती. चाकं लांब लांब, आणि त्यांच्यावरून एक रुंद काळा पट्टा, आतून दातेरी. तोच पट्टा खालच्या दांड्याची गती वरच्या झडपांना आणि बाजूच्या पंपाला पोचवायचा. पट्टा ताणून धरायला मध्ये एक छोटी फिरकी. साहेबांना तो अपमानच वाटला. पोलादी चाक बिघडलं तर आधी कण्हतं, स्क्रू ड्रायव्हर लावला की सांगतं. "हे मुकं आहे," म्हणाले, "झिजेल, तुटेल, पण तोंडातून शब्द काढायचं नाही." तरी रोज जाऊन बघायचे. रागावलेल्या माणसाने चोरून बघावं तसे.

व्हॅनवर ड्रायव्हर होता सुदाम. सडपातळ, कमी बोलणारा, गाडी इतकी जपायचा की पावसाळ्यातसुद्धा चाकांवर चिखल दिसायचा नाही. माल घेऊन मालेगावला जायचा, पाहुण्यांना नाशिक रोड स्टेशनवरून आणायचा. पण होता टेंपररी. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा काम. त्याचं लग्न झालेलं होतं आणि बायको माहेरी, दिंडोरीला. सासरे शाळामास्तर, शिस्तीचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "लग्नाच्या वेळी नोकरी आहे म्हणालात, ती अर्धी निघाली. ब्रेकवाल्या घरात माझी मुलगी राहणार नाही. कायम व्हा आणि न्यायला या." सुदाम महिन्यातून एकदा दिंडोरीला जायचा, चहा घ्यायचा, बायकोशी दारात चार शब्द बोलायचा आणि परत यायचा. परत आला की माझ्या खिडकीशी उगाच उभा राहायचा. मी विचारायची, "मंदा बरी आहे ना?" तो म्हणायचा, "बरी हाय ताई. विचारत व्हती, कधी." एवढंच. शेठनी दिवाळीनंतर कायम करायचा शब्द दिला होता, आणि हा दिवाळीकडे डोळे लावून बसला होता.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशिनं पुसून हार घालायचे, हत्यारं मांडायची, पूजा, पेढे. सुदाम त्या दिवसांत रजेवर असे. आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, दर वर्षी. व्हॅनची किल्ली साहेबांच्या हातात देऊन गेला. मग काय, साहेबांना रान मोकळं! मागच्या वर्षभराचा राग त्यांनी त्या दिवशी विसरायचं ठरवलं. "पाहुणी आहे," म्हणाले, "तिच्या रबरालाही हळदीकुंकू लागलं पाहिजे." जाळी काढली, झाकण उघडलं. असेंब्लीतल्या मुली जमल्या, त्यांना ती फिरकी ढिली करून पट्टा कसा सैल होतो तेही दाखवलं. पट्ट्याला आणि नारळाला कुंकवाचं बोट लावलं. सगळे म्हणत होते साहेब, नारळ खाली दगडावर फोडा. छे! त्यांनी तो गाडीच्या पुढच्या हुकावरच हाणला. एका घावात शकलं! पाणी उडालं, करवंटीचे तुकडे उडाले, मुली किंचाळल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी फिरकी आवळली, झाकण लावलं आणि पेढे वाटायला गेले.

सुदाम परत आला आणि चार दिवसांत व्हॅनचं रूप पालटलं. सकाळी स्टार्ट होईना. झाली की पांढरा धूर, असा की टाइम ऑफिसात मला पदर नाकाला लावावा लागायचा. आणि मालेगावला जाताना चांदवडच्या घाटात ती मालासकट थांबलीच. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने ओढून वर काढली.

शेठ भडकले. कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं, की ड्रायव्हर डिझेल बाहेर विकतो आणि टाकीत रॉकेल भरतो. त्या काळात असले प्रकार चालायचे, त्यामुळे कुणालाही चटकन खरं वाटायचं. शेठनी सुदामला केबिनमध्ये बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं, "कायम करायचं सोड, या महिन्यानंतर येऊच नको." सुदाम बाहेर आला तो सरळ माझ्या खिडकीशी. खिडकीची कड धरून म्हणाला, "ताई, आईची शपथ, थेंब इकलेला नाय. पण मास्तरला आता काय सांगू?"

माझं डोकंच फिरलं. मी तडक मेंटेनन्समध्ये गेले आणि साहेबांना म्हटलं, "एरवी माझ्या घड्याळाला कान लावता, आता तुमच्या त्या पाहुणीला लावा ना!"

साहेब हातातलं काम टाकून उठलेच. आधी टाकीतलं डिझेल बाटलीत काढलं, उन्हात धरलं, हुंगलं, बोटांवर चोळलं. "स्वच्छ आहे. रॉकेल-बिकेल काही नाही." शेठना जाऊन सांगितलं. शेठ म्हणाले, "आजचं स्वच्छ असेल. घाटातलं कुठे बघितलंत?" मग फिल्टर बदलले, नळ्यांतली हवा काढली, डिझेलची चिळकांडी मारणारी नोझलं द्वारका चौकातल्या पंपदुरुस्तीवाल्याकडे नेऊन तपासून आणली. सगळं ठीक. धूर तसाच. साहेब स्क्रू ड्रायव्हर लावून इंजिनाच्या चारी बाजूंनी फिरले. "ठोका उशिरा पडतोय," म्हणाले. "डिझेल उशिरा जातंय. टायमिंग गेलंय, पण का गेलंय ते ही बया सांगत नाही."

मग त्यांनी पुढचं झाकण काढलं. मी तिथेच होते, कारण त्यांनी माझी लाकडी फूटपट्टी मागवली होती आणि ती मी कुणाच्या हाती द्यायची नाही. सुदाम बॅटरीचा झोत धरून उभा. झाकणाच्या आत काळी भुकटी साठली होती, काजळासारखी. साहेबांनी ती चिमटीत घेऊन चोळली. "रबर झिजलंय. आणि सगळीकडून नाही, हे बघा." पट्ट्याची पुढची कड जुन्या लुगड्याच्या काठासारखी विसविशीत झाली होती, दोरे लोंबत होते. मागची कड मात्र कोरी करकरीत.

"एकाच बाजूला झीज म्हणजे पट्टा वाकडा चालतोय," ते म्हणाले. पाना लावून त्यांनी इंजिन हातानेच हळूहळू फिरवलं, चाकांवरच्या खुणा वर आणल्या. खालची जुळली, वरची जुळली. पंपाच्या चाकाची खूण बरोब्बर एक दात मागे. झिजलेल्या कडेने पट्टा तिथे उडी मारून बसला होता. मग पट्ट्याच्या पाठीवर खडूची रेघ ओढली आणि पुन्हा फिरवायला लागले. प्रत्येक फेऱ्याला रेघ थोडी बाहेर सरकायची, थोडी अजून बाहेर. आम्ही तिघं श्वास धरून ती रेघ बघत होतो. "कोण ढकलतंय हिला?" साहेब पुटपुटले. फूटपट्टी चाकांच्या कडांवरून आडवी लावली. सगळीकडे चिकटली, फक्त त्या छोट्या फिरकीपाशी एका बाजूने बॅटरीचा उजेड दिसला.

"फिरकी कललीय! पाना द्या, पाना!" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. नट सोडला, फिरकी काढली, तिच्या मागे बोट घातलं. आणि बोट बाहेर काढलं तेव्हा त्यावर एक तुकडा होता. अंगठ्याच्या नखाएवढा. दाबून चपटा झालेला, तपकिरी, एका बाजूला तंतू. आणि त्यावर कुंकू.

करवंटी.

पलीकडे लेथ चालू होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. साहेब तो तुकडा तळहातावर घेऊन टूलबॉक्सवर बसले. खरं सांगते, मला वाटलं, आता येणार तो शब्द. आता म्हणणार मुद्दाम टाकली होती, परीक्षा बघत होतो. नाहीतर तुकडा खिशात घालणार, सापडलं काहीतरी म्हणणार, आणि मग शेठना पुन्हा ड्रायव्हरवर बोट दाखवायला मोकळं. आयुष्यात कधी न चुकलेला माणूस होता तो. त्याने पहिली चूक कशी कबूल करायची, तीही रबराच्या पट्ट्यापुढे?

आणि तेवढ्यात सुदाम बोलला. ज्याची बायको माहेरी अडकली होती, नोकरी चालली होती, तो हळूच म्हणाला, "साहेब, ऱ्हाऊ द्या. रस्त्यावरची घाण असंल. गाडी नीट झाली तं बस."

साहेबांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते. "गप रे," म्हणाले. "मला वाचवायला निघालाय! तुझ्या रस्त्यावर कुंकू लावलेल्या करवंट्या पडतात का?"

ते उठले आणि हातही न पुसता शेठच्या केबिनकडे निघाले. आम्ही मागोमाग. आत मुंबईहून आलेले दोन व्यापारी बसले होते, कॉफी चालली होती. साहेबांनी शेठच्या टेबलाच्या काचेवर तो तेलकट तुकडा ठेवला.

"शेठ, प्रसाद घ्या. खंडेनवमीचा राहिला होता."

"हे काय आहे?"

"गाढवपणा. माझा." आवाज एवढा मोठा की बाहेर टायपिस्ट थांबली. "पूजेच्या दिवशी झाकण उघडं ठेवून गाडीवर नारळ मी फोडला. फिरकी मी ढिली केली, आत काय उडालं ते न बघता मीच आवळली. हा तुकडा मागे राहिला, फिरकी कलली, पट्टा कडेने झिजला आणि एक दात घसरला. म्हणून धूर, म्हणून घाट चढेना. आणि त्या दिवशी हा सुदाम आईबरोबर नागपूरला होता, किल्ली माझ्या खिशात होती. बाई, होता की नाही?"

"होता!" मी म्हटलं, जरा ओरडूनच.

शेठ एकदा तुकड्याकडे, एकदा साहेबांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही चुकलात?"

"चुकलो."

"मुद्दाम नाही?"

"नाही हो शेठ! मुद्दाम एवढी मोठी चूक कुणाला जमेल?"

शेठ आधी गालात हसले, मग खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले. व्यापाऱ्यांना काही कळेना, तेही हसायला लागले. मला मात्र रडू आलं, का ते विचारू नका. सुदाम दारात चप्पल काढून उभा होता, शेठनी त्याला आत बोलावलं. "माझं चुकलं रे," म्हणाले. "गाडी चालू होऊ दे, कायमचं पत्र सोमवारी टाईप करतो."

आता नवा पट्टा कुठून आणायचा? जपानला कळवायचं म्हणजे गाडी होळीपर्यंत उभी. पण स्टोअरमध्ये जपानी लोक एक खोकं ठेवून गेले होते, त्यावरचं अक्षर कुणाला लागत नव्हतं म्हणून आमचे स्टोअरकीपर त्यावर पाय ठेवून बसायचे. साहेबांनी त्यांचे पाय उचलून बाजूला ठेवले आणि खोकं उघडलं. आत दोन कोरे पट्टे. शनिवारी दुपारी साहेबांनी फिरकी सरळ बसवली, खुणा जुळवल्या, पट्टा चढवला. माझी फूटपट्टी लावून उजेड कुठे येत नाही ना ते तीन जणांकडून बघून घेतलं. खडूची रेघ ओढून इंजिन हाताने फिरवलं. रेघ हलली नाही. सुदामने किल्ली फिरवली आणि व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली, बिनधुराची, पहिल्यासारखी मऊ. असेंब्लीतल्या मुलींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

साहेब म्हणाले, "ट्रायल घ्यायला हवी. लांबची. उद्या रविवार, दिंडोरीला जाऊ. बाई, तुम्हीपण चला. सुनेला आणायला जायचं तर बाईमाणूस लागतं."

रविवारी आम्ही निघालो. सुदामने इस्त्रीचा शर्ट घातला होता, साहेबांनी फुटाणे आणले होते, आणि रस्ताभर ते इंजिनाचं कौतुक करत होते. रबर आवाज करत नाही हा केवढा सद्गुण आहे, असं आता त्यांचं म्हणणं होतं! मास्तरांचं घर शाळेच्या मागे, स्वच्छ, दारात बाबासाहेबांची तसबीर. "जय भीम" झालं, पाणी झालं, चहा झाला. मंदा चहा ठेवून आत गेली, तिने सुदामकडे एकदाच बघितलं. साहेबांनी सगळी कथा सांगितली, करवंटीसकट, स्वतःच्या गाढवपणासकट, हातवारे करून. मास्तर शांतपणे ऐकत होते.

"आनंद झाला," शेवटी ते म्हणाले. "पत्र बघू."

"पत्र सोमवारी मिळणार," साहेब म्हणाले. "शेठनी माझ्यादेखत शब्द दिलाय."

"मग सोमवारनंतर या. तोंडी हुकूम मी शाळेतही मानत नाही."

"अहो मास्तर, पण मी सांगतोय ना!"

"तुम्ही भले गृहस्थ आहात. पण आताच तुम्ही सांगितलंत की तुमचीही चूक होते."

साहेबांनी फुटाण्यांची पुडी उघडली आणि तशीच बंद केली. सुदाम खाली मान घालून बशीकडे बघत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून पत्र्याची ट्रंक फरफटत आल्याचा आवाज आला. मंदा ती एका हाताने ओढत ओसरीवरून खाली उतरली. कुणाकडे बघितलं नाही. व्हॅनचं मागचं दार उघडलं, ट्रंक आत लोटली, मग फिरून पुढे आली आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसली. मांडीवर पिशवी नीट केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा," ती म्हणाली, "पत्र आलं की पोस्टानं पाठवते."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग घरात जाऊन ते लाडवांचा डबा घेऊन आले आणि खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवला. "पोचलीस की लेखी पोच दे," एवढंच म्हणाले.

साहेब आणि मी मागे ट्रंकेशेजारी बसलो. गाडी काही सुरू होईना, कारण सुदामला किल्ली सापडत नव्हती. सगळे खिसे तपासून झाले, बशीखाली बघून झालं, मास्तरही ओसरीवर शोधायला लागले. शेवटी मंदाने त्याची मूठ धरून उघडली. किल्ली त्यातच होती.